वडशाचा हिशेब आणि सूरजागडचा नाच

झाडीपट्टीच्या नाटकांविषयी पुण्यामुंबईकडे जे लिहिले जाते, त्याचे दोनच प्रकार माझ्या वाचनात येतात. एक कौतुकाचा, दुसरा नाक मुरडण्याचा. कौतुक करणाऱ्याला रात्रभर जागणाऱ्या प्रेक्षकांचे नवल वाटते. नाक मुरडणाऱ्याला प्रॉम्प्टरचा आवाज खटकतो, गाणी फार वाटतात, मध्येच आलेली लावणी रसभंग करते. हा धंदा चालतो कसा, हे मात्र दोघेही विचारीत नाहीत. ज्या कलेचा व्यवहार ठाऊक नाही, तिचे गुणदोष सांगण्याचा अधिकार टीकाकाराला नाही, असे माझे मत आहे.

व्यवहार थोडक्यात असा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा मुलूख. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि साधारण होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. नाट्यमंडळ्यांची कार्यालये गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरच्या वडशाला आहेत. गावचे मंडळ तेथे जाऊन ठराविक रकमेला प्रयोग ठरवते, मांडव घालते, तिकिटे विकते, नफातोटा त्याचा. नटाला पैसे मिळतात ते 'नाइट'प्रमाणे.

एवढे समजले की तक्रारींचे रूप पालटते. पट पाहायला आलेल्या पाहुण्याला रात्री परतायला गाडी नसते. नाटक पहाटेपर्यंत लांबते ते त्याच्यासाठी. हा रचनेचा ढिसाळपणा नव्हे. रोज नवे गाव आणि तालमीला थोडा वेळ, अशा ठिकाणी प्रॉम्प्टर हा प्रयोगाचा आधारस्तंभ असतो. पेंगणाऱ्या मांडवाला जागे करणे हे विनोदी नटाचे कसब. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा हे कसबही कलेत मोजले गेले. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली आणि २०२३ साली त्यांना परवानगी देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. निवाडा बैलांविषयीचा, पण नाटकांच्या तारखा पटाला बांधलेल्या, म्हणून तो रंगभूमीलाही लागू होताच.

याचा अर्थ सारेच गोड मानावे असा नाही. तोटा मंडळाच्या अंगावर येणार असल्याने ते चाललेल्या वळणाचेच नाटक मागते, आणि लेखकही तेच रडे, तेच योगायोग पुरवतो. हा दोष खरा आहे. पण त्याचे मूळ लेखकाच्या बुद्धीत शोधणारा टीकाकार चुकीच्या दाराशी उभा असतो.

याच गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यात, सूरजागड आहे. तिथल्या डोंगरात लोखंड आहे आणि माडियांचा ठाकूरदेवही आहे. जानेवारीत त्याची यात्रा भरते. माडियांच्या रेला गीतांना आणि नाचाला तिकीट नाही, 'नाइट' नाही. नाचणारा आणि पाहणारा असा भेदही फारसा नाही. तेथे कलेला व्यवहाराची गरज नव्हती. आता खाणीमुळे रस्ते आले, लोहखनिजाचे ट्रक आले, पाहुणे आले. पाहुण्याच्या स्वागताला माडियांना नाचायला उभे करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. रात्रभराचा नाच दहा मिनिटांवर येतो, आणि त्याचे मोल ठरवतो तो बोलावणारा.

वडशाचा नट गरीब असेल, पण आपल्या रात्रीचा दर त्याला ठाऊक असतो आणि तो पटला नाही तर दुसऱ्या मंडळीचे दार उघडे असते. माडिया नर्तकापाशी हे ज्ञान नाही. बाजार कलेला बिघडवतो, असे आपण सहज म्हणून जातो. पण बाजार दाराशी आल्यावर त्याची रीत ठाऊक नसणे हे अधिक घातक. कोणता नाच व्यासपीठावर न्यावा, कोणता देवापुढेच ठेवावा, 'नाही' केव्हा म्हणावे, हे ठरवण्याची ताकद त्या माहितीतूनच येते. सूरजागडच्या पोरांनी वडशाची नाटके उचलावी असे मी म्हणत नाही. त्यांनी वडशाचा हिशेब तेवढा शिकून घ्यावा. आणि आम्ही टीकाकारांनी तो त्यांच्याही आधी शिकावा.