‘समाजस्वास्थ्य’चे वाचन : जळकोटहून

मराठीत काही नियतकालिके अशी आहेत, की त्यांचे नाव पुष्कळांना ठाऊक असते आणि त्यांचे अंक मात्र फार थोड्यांनी उघडलेले असतात. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे त्यांपैकी एक. जुलै १९२७ मध्ये निघालेले हे मासिक संपादकाच्या निधनापर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, अव्याहत चालले. संततिनियमन हा त्याचा मुख्य विषय. कॅथलिक त्रैमासिकाने त्याची दखल घ्यावी काय, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर होकारार्थी आहे. ज्या विषयावर ख्रिस्तसभेने विश्वपत्र काढले, सरकारने गावोगाव भिंती रंगविल्या आणि आमच्या घरांतून मात्र मौन पाळले गेले, त्या विषयावर मराठीत सातत्याने लिहिण्याचे धैर्य प्रथम या गृहस्थाने दाखविले. त्याच्याशी मतभेद असणे निराळे आणि त्याला न वाचणे निराळे.

कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र काढले आणि १९२३ साली ‘संततिनियमन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. ते महाविद्यालय स्कॉटिश मिशनचे होते. संप्रदाय वेगळा असला तरी येशूचे नाव घेणारेच होते, ही गोष्ट आपण ख्रिस्ती वाचकांनी विसरू नये. पुढे अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला, मासिक बंद पडले नाही. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट (२००१) आणि अजित दळवी लिखित, अतुल पेठे दिग्दर्शित ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक (२०१७) यांमुळे अलीकडच्या पिढीस हा इतिहास पुन्हा परिचित झाला आहे.

वाङ्मय म्हणून ‘समाजस्वास्थ्य’चे मोठे गुण दोन. पहिला भाषेचा. विषय असा, की लेखकाने एकतर लाजावे किंवा चवीने लिहावे. कर्व्यांनी दोन्ही टाळले. गणिताचा शिक्षक फळ्यावर एकेक पायरी मांडतो, तशी त्यांची वाक्ये येतात. अलंकार नाही, आर्जव नाही, कोठे उपहास आहे तो ढोंगावर आहे. दुसरा गुण वाचकाविषयीच्या आदराचा. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यांनी छापून उत्तरे दिली, प्रश्नकर्त्याला पापी किंवा मूर्ख न ठरविता. पापनिवेदनाच्या आसनावर बसणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना यातून शिकण्यासारखे काही आहे. धर्माची कर्व्यांनी गय केली नाही हे खरे. पण दुखावल्याची तक्रार करण्यापूर्वी, त्यांना पत्रे लिहिणाऱ्या माणसांना विचारावयास दुसरी जागा का नव्हती, याचे उत्तर आपण द्यावयास हवे.

आता मर्यादा. हे मासिक ज्या काळात निघत होते, त्यातील बहुतेक वर्षे जळकोट निजामाच्या राज्यात होते. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. आज लातूर जिल्ह्यातील, नांदेडच्या सीमेलगतचा, १९९९ मध्ये स्वतंत्र तालुका झालेला हा बालाघाटच्या माळांचा आणि तांड्यांचा प्रदेश कर्व्यांच्या वाचकवर्गात बसत नव्हता. त्यांचा वाचक लिहितावाचता, बहुधा शहरी, बहुधा पुरुष. त्या काळी स्त्रियांसाठी सांगितले जाणारे प्रमुख साधन म्हणजे रबरी टोपी. तिला एकांत हवा, स्वच्छ पाणी हवे, ती ठेवण्यास कुलपाची पेटी हवी. एका खणाच्या घरात, सासू-सासऱ्यांच्या उशाशी निजणाऱ्या आणि हंडाभर पाण्यासाठी माळ तुडविणाऱ्या बाईपाशी यांतले काय होते? स्त्रीने आपल्या देहाची धनीण व्हावे ही कर्व्यांची तळमळ खरी होती. पण ज्ञान आणि साधन मिळाले की स्त्री निर्णय घेईल, हे त्यांचे गृहीतक त्यांनी कधी जळकोटसारख्या गावावर पारखले नाही.

पारखले असते तर काय दिसले असते? मुलीचे लग्न लवकर होते. पहिले मूल वर्षा-दोन वर्षांत व्हावे अशी घरादाराची अपेक्षा असते. मुलगा होईपर्यंत थांबण्याचा विषयच निघत नाही. जोडपे कोयता घेऊन ऊसतोडीला गेले, तर पाच-सहा महिने फडावरच्या कोपीत मुक्काम. तेथे गोळ्यांचे पाकीट महिन्याच्या महिन्याला कोण आणून देणार? तांबीविषयी शेजारणीने सांगितलेली भीती नर्सबाईंच्या शब्दापेक्षा भारी ठरते. आणि सर्वांवर नवऱ्याचा होकार. शिक्षण, मिळकत, दवाखान्याचे अंतर ही कारणे अहवालांतून मोजली जातात, ती खरीच आहेत; परंतु नवराबायकोत या विषयावर बोलणे होते की नाही, हे कारण आमच्या मते सर्वांच्या मुळाशी आहे.

म्हणूनच आमच्याकडे ‘ऑपरेशन झालं का?’ असे कोणी बाईला विचारले, तर कोणते ऑपरेशन हे सांगावे लागत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे ४९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आढळली. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. वास्तविक पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी. पण १९७६ ची आणीबाणी लोक विसरले नाहीत. त्या वर्षी देशात लाखो पुरुषांच्या सक्तीने, आमिषाने नसबंद्या झाल्या आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. १९७७ नंतर सरकार पुरुषाच्या वाटेला फारसे गेले नाही आणि सारे ओझे बाईच्या पोटावर आले. बाईनेही ते स्वीकारले, याचे कारण उघड आहे. रोज कोणाची संमती मागावी लागत नाही असे तिच्यापुढे आलेले हे एकच साधन. एकदा घरच्यांनी ‘हो’ म्हटले की जन्माचा प्रश्न सुटला.

सुटला, पण कायमचा. याचा अर्थ लातूर जिल्ह्याला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळला. किल्लारीच्या भूकंपात ज्यांची लेकरे ढिगाऱ्याखाली गेली, त्यांपैकी अनेक मातांची नसबंदी झालेली होती. नलिका पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रिया त्यानंतर करण्यात आल्या. काहींची कूस पुन्हा उजवली, सर्वांची नाही. जिच्यापुढे एकच वाट ठेवली, तिला निवड दिली असे म्हणता येत नाही, हा धडा त्या मातांनी आपणांस शिकविला आहे.

कर्व्यांचे दुसरे गृहीतक असे, की कुटुंब लहान झाले की स्त्री सुखी होईल. कुटुंब लहान झाले. याच सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात स्त्रीमागे सरासरी १.७ मुले, इतके प्रमाण उतरले. पण मुलग्याची हाव तशीच राहिली आणि दोनच अपत्यांत मुलगा हवा म्हणून मुलीचा गर्भ नको झाला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला; तरी २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली ८०७ उरल्या होत्या. साधन बदलले, मन बदलले नाही, तर साधन त्या मनाचीच चाकरी करते.

आता आपल्या घरचे वाचन. २५ जुलै १९६८ रोजी पोप सहावे पॉल यांनी ‘हुमाने विते’ या विश्वपत्रावर स्वाक्षरी केली. दांपत्यप्रेम आणि जीवननिर्मिती यांची फारकत करू नये, म्हणून कृत्रिम साधने व नसबंदी त्यांनी नाकारली. ही शिकवण आम्ही येथे सौम्य करू इच्छित नाही. त्यातील दोन इशारे मात्र फारसे कोणी वाचलेले दिसत नाहीत. अशा साधनांमुळे पुरुष पत्नीला उपभोगाची वस्तू मानू लागेल, हा एक. आणि सत्ताधारी ही साधने जनतेवर लादतील, हा दुसरा. दुसरा इशारा आठ वर्षांतच आपल्या देशात खरा ठरला. पहिल्यासाठी तर साधनांचीही गरज पडली नाही.

विश्वपत्राने नैसर्गिक पद्धतीची वाट मोकळी ठेवली. मेलबर्नच्या डॉ. जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या दांपत्याची पद्धत मदर तेरेसांच्या भगिनींनी कोलकात्याच्या गरीब वस्त्यांत शिकविली, म्हणजे ती अडाण्यांना जमत नाही हा आक्षेप टिकत नाही. पण तिच्यात एक अट दडलेली आहे : नवऱ्याने थांबले पाहिजे. दारू पिऊन रात्री घरी येणाऱ्या नवऱ्यापुढे तक्ता दाखवून काय होणार? कर्व्यांची टोपी आणि बिलिंग्जची वही, दोन्ही परस्परांच्या विरुद्ध टोकांना. आणि दोन्ही ऐकून घेणारा नवरा गृहीत धरतात. नास्तिक संपादक आणि परमगुरू, दोघांच्याही पानांत जळकोटच्या बाईची जागा येथेच रिकामी राहते.

ती जागा कशी भरावी? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्येच सांगून ठेवले आहे, की किती अपत्ये असावीत याचा निर्णय पतिपत्नींनी मिळून, देवासमोर घ्यावयाचा आहे. ‘मिळून’ हा शब्द आमच्या धर्मग्रामांनी अद्याप पुरता ऐकलेला नाही. विवाहपूर्व शिबिरांत वधूला सहनशीलता शिकविली जाते. वराला संयम आणि संवाद शिकविण्याचा तास किती ठिकाणी असतो? सासूबाईंशी या विषयावर कोण बोलते? आशाताई दारी आली तर तिच्याकडे धर्माचा शत्रू म्हणून न पाहता, सुनेला तिच्याशी दोन शब्द एकांतात बोलू द्यावेत, एवढे तरी घरधन्याला सांगावयास काय हरकत आहे? शिकवण सांगणे हे धर्मगुरूचे काम आहेच. पण जिला ती पाळावयाची, तिला घरात तोंड उघडण्याची मुभा नसेल, तर आपण शिकवण तिच्यावर फक्त लादतो.

‘समाजस्वास्थ्य’चे सर्व निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीत आणि कधी होणारही नाहीत. तरीही जाणत्या वाचकांनी, विशेषतः पतिराजांनी, ते मिळेल तेथून मिळवून वाचावे, अशी आमची शिफारस आहे. प्रश्न विचारणाऱ्याला लाजवू नये, ही त्या मासिकाची रीत कोणत्याही ख्रिस्ती घरात शोभेल. त्या रीतीला विश्वपत्रातील पत्नीविषयीच्या आदराची जोड मिळाली, तर जळकोटची बाई आपल्या मनातले प्रथम आपल्या नवऱ्याला सांगू शकेल. निर्णय त्यानंतरचा.