सहसंबंध जुळला म्हणजे दाब जुळला का?

रॅटच्या कवटीतला दाब, म्हणजे आयसीपी, मोजायच्या दोन पद्धतींची तुलना करणारा पेपर उघडला की आपण थेट 'आर'ची किंमत शोधतो. ०.९५ दिसलं की खूश! बरेच लेखकही तिथंच थांबतात. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

शिरूरच्या बाजार समितीत कांद्याच्या पन्नास गोण्या दोन काट्यांवर तोला. दुसरा काटा प्रत्येक गोणीला दोन किलो जास्त दाखवत असला, तरी सहसंबंध बरोब्बर १ येईल. कुणीतरी एक जण मात्र बुडेल. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं: दोन मापांमधला फरक काढा आणि तो किती पसरतो ते बघा.

आयसीपीत हे जास्त बोचतं, कारण मूळ आकडाच लहान. निरोगी रॅटमध्ये जेमतेम काही मिमी पारा. द्रवाने भरलेली नळी वापरत असाल, तर बाहेरचा ट्रान्सड्यूसर १.३६ सेंमी खाली घसरला की १ मिमी पारा फुकटात वाढतो. नळीत बुडबुडा राहिला तर नाडीची लाट चपटी होते. टोकालाच सेन्सर असलेल्या फायबर-ऑप्टिक किंवा स्ट्रेन-गेज प्रोबला नळीच्या पातळीची भानगड नाही. पण त्याचं शून्य आत घालण्याआधीच जुळवावं लागतं आणि पुढे ते हळूहळू सरकू शकतं. प्रोब काढल्यावर शून्य पुन्हा तपासलं का, हे मेथड्समध्ये शोधा. बऱ्याचदा त्यावर एक ओळही नसते.

भुलीचंही तसंच. आयसोफ्लुरेन मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतं. श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइड साचला की आणखी भर. मग भूल दिलेल्या रॅटमधली नळी आणि जाग्या रॅटमधली टेलिमेट्री यांत फरक आला, तर तो पद्धतीचा की भुलीचा? एकाच प्राण्यात, एकाच वेळी मोजल्याशिवाय कळणार नाही. (छोट्या, भुलीतल्या प्रयोगाला नीट पातळीत लावलेली साधी नळी पुरते, असं माझं मत. टेलिमेट्रीचा खर्च तिथं उगाच.)

चलाखी खरी पुढेच आहे. द्रव सोडून दाब ५० पर्यंत चढवायचा आणि सगळे बिंदू एकाच आलेखात टाकायचे. रेंज ताणली की 'आर' आपोआप फुगतो. वर सहा रॅटमधली सहाशे रीडिंग्ज सहाशे स्वतंत्र नोंदी म्हणून मोजायची!

फॉर्म बी भरताना प्राण्यांच्या संख्येचं समर्थन द्यावं लागतं. तिथं 'आधीच्या पेपरात ८ होते' असं लिहू नका. किती मिमी पाऱ्याची चूक झाली तर तुमचा निष्कर्ष उलटतो, २ की ५, ते आधी ठरवा आणि त्यावरून संख्या काढा.