सापडलेल्या तबकडीनंतर

बेंगळुरूला रॉकचं शहर म्हणायची पद्धत आहे. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले, त्याची आठवण सांगणारे मला इथे अजून भेटतात. त्याआधी तीसेक वर्षं याच शहरात ह्यूमन बाँडेज नावाचा बँड गाजत होता. त्यातला ड्रमवादक रमेश शोथम पुढे तविल शिकला आणि युरोपात जॅझच्या वर्तुळात नावारूपाला आला. जुन्या श्रोत्यांच्या तोंडी बँडचं नाव अजून आहे, पण त्याची तबकडी काही माझ्या हाती लागलेली नाही. माझ्या कपाटात आहे ती त्याच पिढीच्या मुंबईकर बँडची, अटॉमिक फॉरेस्टची ‘ऑब्सेशन ७७’.

नावात ७७ असलं तरी म्युझिक इंडियाने ती काढली १९८१ मध्ये. ते नाझिया हसनच्या ‘डिस्को दीवाने’चं वर्ष. जड गिटारचा काळ तोवर सरला होता. तीस वर्षांनी, २०११ मध्ये, लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या कंपनीने ती पुन्हा काढली आणि संग्राहकांच्या जगात ‘हरवलेला खजिना’ सापडला.

खजिना म्हटलं की कान जरा बेसावध होतात. दुर्मीळ ते थोर, असं आपण न ऐकताच धरून चालतो. ही तबकडी सलग चांगली नाही. परक्या बँडची गाणी वाजवताना वादकांची तयारी दिसते, पण त्यांचं स्वतःचं म्हणणं कानी पडत नाही. हॉटेलांत नि क्लबांत श्रोत्यांना ओळखीचं हवं असे. त्या रोजगाराची छाप इथे आहे. शीर्षकरचना मात्र वेगळी आहे. ती संथ आणि जलद अशी दोनदा येते. जलद आवृत्तीवर नाचता येईल, पण मला पुन्हापुन्हा ओढते ती संथ. तिथे गिटारचा सूर मुद्दाम फाटका ठेवलेला आहे. वा-वा पेडलमुळे तो तोंड उघडून मिटल्यासारखा वाटतो आणि खालची लय त्याला घाई करू देत नाही. इथे कोणाची नक्कल नाही.

या बँडचा गायक मधुकर चंद्र धस. अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो येशू होता आणि ज्यूडास होता नंदू भेंडे, जो स्वतः अटॉमिक फॉरेस्टच्या वर्तुळातला. मराठी प्रेक्षकाला नंदू भेंडे ठाऊक आहे तो ‘तीन पैशाचा तमाशा’मधला अंकुश म्हणून. पुलंनी ब्रेख्तवरून बेतलेलं, जब्बार पटेलांनी १९७८ मध्ये उभं केलेलं ते नाटक. त्यात नाट्यसंगीताच्या शेजारी अंकुशचं पाश्चात्त्य ढंगाचं गाणं उभं राहिलं, त्याचं आपण कौतुक केलं. तो ढंग कुठल्या तालमीतून आला, हे विचारलं नाही. ती तालीम इंग्रजीत गाणाऱ्या बँडांच्या जगात झाली होती, आणि ते जग आपण मराठीचं मानलंच नाही. हरवणं तिथून सुरू झालं.

म्हणून मला या पुनर्शोधाचा आनंद अर्धाच होतो. तबकडी निघाली ते इतिहासात आले. निघाली नाही ते गप्पांत उरले. सिगारेट कंपनीने भरवलेल्या सिमला बीट स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या निघाल्या, म्हणून निदान त्यांतले बँड आज ऐकता येतात. बाकीच्यांचं संगीत कुठे असेल तर घरोघरच्या माळ्यांवर, स्पूलच्या फितींत. दमट हवेत फितीवरचा थर चिकट होतो, मग सुटू लागतो. घर आवरताना असं एखादं स्पूल हाती आलं, तर ते यंत्रावर चढवून बघायचा मोह आधी आवरा. जाणकाराकडून त्याची प्रत करून घ्या. संगीत चांगलं की वाईट, ते त्यानंतर ठरवू.