लॅम्डा-नियमांची उपयुक्तता आणि मर्यादा : मीड-कॉनवे यांच्या ग्रंथाच्या संदर्भात

कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांचा 'इंट्रोडक्शन टू व्हीएलएसआय सिस्टिम्स' हा ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला. तोवर एकात्मिक परिपथाचा लेआउट काढणे हे प्रामुख्याने कारखान्यातील आरेखकांचे कसब होते. १९७१ च्या इंटेल ४००४ या सुमारे २,३०० ट्रान्झिस्टरांच्या चिपची मास्क-चित्रे रुबिलिथच्या फिल्मवर हाताने कापलेली होती. स्किमॅटिकपासून लेआउटपर्यंतची वाट विद्यापीठाच्या वर्गात आणण्याचे श्रेय या ग्रंथास निःसंशय द्यावे लागते.

ग्रंथातील युक्ती विलक्षण सोपी आहे. हिरवी रेघ म्हणजे डिफ्यूजन, तांबडी म्हणजे पॉलिसिलिकॉन, निळी म्हणजे धातू. तांबडी हिरवीला छेदून गेली की तेथे ट्रान्झिस्टर. रुंदी मायक्रॉनमध्ये नव्हे, तर लॅम्डाच्या पटीत : पॉलिसिलिकॉन किमान दोन लॅम्डा, धातू तीन. तंत्रज्ञान सूक्ष्म झाले की लॅम्डाची किंमत बदलावी, आकृती मात्र तीच राहावी. १९७८ साली एमआयटीत कॉनवे यांनी शिकविलेल्या विद्यार्थ्यांच्या रचना प्रत्यक्ष चिपवर उतरल्या.

तथापि 'आकृती तीच' हे गृहीतक टिकले नाही. सर्व थर एकाच प्रमाणात लहान होत नाहीत. मोसिस या सेवेला सीमॉससाठीच्या आपल्या लॅम्डा-नियमांना पुढे सबमायक्रॉन व डीप-सबमायक्रॉन अशा वेगळ्या आवृत्त्या जोडाव्या लागल्या, हा त्याचा बोलका पुरावा होय. शिवाय सर्व प्रक्रियांना मानवेल असा नियम स्वभावतःच सैल असतो आणि त्या सैलपणाची किंमत सिलिकॉनच्या क्षेत्रफळात मोजावी लागते.

याहून गंभीर मुद्दा निराळाच आहे. स्किमॅटिकमधील रेघेला लांबी नसते. लेआउटमधील तारेला रोध असतो, धारकता असते. स्किमॅटिकमध्ये समान दाखविलेले विभेदी जोडीतील दोन ट्रान्झिस्टर चिपवर शेजारी मांडले तरी प्रक्रियेतील उतारामुळे किंचित भिन्न निघतात. म्हणून ते तुकड्यांत विभागून समकेंद्री मांडावे लागतात. लेआउट-स्किमॅटिक पडताळणी केवळ जोडण्या व मापे जुळवते, ही विषमता तिला दिसत नाही. ग्रंथात तारांतील विलंबाची चर्चा नाही असे नव्हे. पण अभ्यासक्रमांनी त्यातून उचलली ती प्रामुख्याने रंगीत रेघांची आकृती. नॅण्ड द्वाराची अशी आकृती काढून विद्यार्थी गुण मिळवितो. त्या रेघांची धारकता किती आणि तिच्यामुळे द्वार किती मंदावले, हा प्रश्न मात्र त्याला क्वचितच विचारला जातो. २०२० पासून स्कायवॉटरचे १३० नॅनोमीटरचे प्रक्रिया-संच मुक्तपणे उपलब्ध असताना तो न विचारण्यास सबब उरत नाही.