स्वतंत्र कोण: यंत्र की वाजवणारा?

विषय जाहीर झाला तेव्हा काही चेहऱ्यांवर हसू उमटले, ते आम्ही पाहिले. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने डीजेच्या सामानावर काय बोलायचे? पण आपण बसलोय मावळात. कार्ल्याला चैत्रात एकवीरेची यात्रा भरते, कोळी-आगरी मंडळी पालख्या घेऊन येतात. गावोगाव हळदी, वराती, बैलगाड्यांच्या शर्यती. लोणावळ्याच्या आणि पवनेकाठच्या बंगल्यांत शनिवार-रविवारचा दंगा. या सगळ्याला आवाज पुरवणारी बरीच पोरं आपल्याच गावची आहेत, आणि त्यातली कित्येक कर्ज काढून सामान घेतात. लॅपटॉप ठेवायचा, की लॅपटॉपशिवाय चालणारे यंत्र घ्यायचे, हा त्यांचा आजचा प्रश्न आहे. आम्हाला तो गंभीर वाटतो.

आधी शब्द नीट लावून घेऊ. आपल्याकडे 'डीजे' म्हटले की भोंग्यांची भिंत डोळ्यांसमोर येते. 'डीजे आला' म्हणजे टेम्पो आला. मूळ अर्थ मात्र माणूस असा आहे; गाणी निवडून, एकातून दुसऱ्यात नेऊन वाजवणारा माणूस. आपल्या बोलीत माणूस गळाला आणि सामान उरले. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता सामानाची गोष्ट. १९७२ साली टेक्निक्सची एसएल-१२०० ही तबकडी आली. २००१ साली पायोनियरचा सीडीजे-१००० आला, सीडीवरचे गाणे हाताने मागेपुढे करता येऊ लागले. त्याच दशकात लॅपटॉप मंचावर चढला. मग निघाले कंट्रोलर. कंट्रोलर म्हणजे चाके, बटणे आणि सरकपट्ट्यांचा फळा. त्यातले बहुतेक स्वतः काही वाजवत नाहीत. हाताची हालचाल यूएसबीच्या तारेने लॅपटॉपला कळवतात, आणि वाजवतो तो लॅपटॉप. लॅपटॉप काढा, फळा मुका. पुढे २०१५ साली पायोनियरचा एक्सडीजे-आरएक्स, २०१९ साली डेननचा प्राइम ४ अशी यंत्रे आली. पेनड्राइव्ह लावा आणि वाजवा. यांना बाजारात 'स्टँडअलोन' म्हणतात. मराठीत काय म्हणू? स्वतंत्र.

या 'स्वतंत्र' शब्दाचीच आज आम्हाला चिकित्सा करायची आहे.

विक्रेत्यांचा दावा असा, की लॅपटॉप गेला की वाजवणारा मोकळा झाला. यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. लॅपटॉप हे सतरा कामांचे यंत्र. ऐन हळदीत त्याला अपडेट आठवते, कुणाच्या निरोपाची टिंग भोंग्यांतून साऱ्या मांडवाला ऐकू जाते, तार सैल झाली की गाणे तुटते. वर लोणावळ्याचा पावसाळा, दमट हवा. शिवाय वाजवणाऱ्याची नजर पडद्याला चिकटते. हायडेगर नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने हातोड्याचे उदाहरण दिले आहे. काम सुरळीत चालू असते तेव्हा सुताराला हातोडा जाणवत नाही, तो अडला-मोडला की 'वस्तू' म्हणून समोर उभा राहतो. लॅपटॉप असा वारंवार समोर उभा राहतो. एकाच कामासाठी घडवलेले यंत्र हाताशी राहते. हा गुण मोठा आहे.

पण बाकीचा हिशेबही बघा. पहिली गोष्ट विजेची. मांडवातली वीज गेली, जनरेटर अडखळला, तर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर जागा राहतो. स्वतंत्र म्हणवणारी बहुतेक यंत्रे त्याच क्षणी विझतात. बॅटरी असलेले प्राइम गोसारखे अपवाद थोडे. वीज आली की यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत मांडव गप्प. म्हणजे ज्याला यूपीएस लागतो, तो कसला स्वतंत्र?

दुसरी गोष्ट तयारीची. ही यंत्रे म्हणजे पेटीत बसवलेले संगणकच आहेत. डेननच्या पेटीत तर लिनक्स चालते. लॅपटॉप गेला नाही, तो झाकणाखाली गेला. आणि पेनड्राइव्हवरची गाणी? काही यंत्रे ती स्वतः तपासतात, पण याद्या लावणे, खुणा करणे हे काम बहुतेक जण आदल्या दिवशी घरी लॅपटॉपवरच करतात. शिवाय एका कंपनीच्या पद्धतीने लावलेली यादी दुसरीच्या यंत्राला जशीच्या तशी समजेल, असा भरवसा नाही.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. लॅपटॉप बिघडला तर तळेगावात माणूस सापडतो, अगदीच झाले तर मित्राचा आणता येतो. पेटीचा पडदा गेला तर सुट्या भागाची वाट बघा, आणि लगीनसराई वाट बघत नाही.

यात एक मधला मार्गही आहे. हातातला जुना कंट्रोलर तसाच ठेवायचा आणि लॅपटॉपच्या जागी रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, त्यावर 'मिक्स' हे मोफत, खुले सॉफ्टवेअर. हा मार्ग खटपटीचा आहे. आवाजाचे तुकडे २५६ नमुन्यांचे ठेवले तर विलंब सुमारे ६ मिलिसेकंद, ५१२ केले तर १२; छोट्या संगणकाला हे जमवून द्यावे लागते. सरावाच्या खोलीत करून बघावा, थेट वरातीत नको. पण यात पेटी उघडून आत काय चाललेय ते पोराला कळते, आणि आमच्या लेखी ही कमाई मोठी आहे.

आता पाणिनीकडे येऊ. क्रियेतले घटक सांगताना तो 'स्वतंत्र' हे विशेषण कर्त्याला देतो. साधन म्हणजे करण. ते कितीही उपयोगी असो, स्वतंत्र नसते. बाजाराने नेमके हेच विशेषण कर्त्याकडून काढून करणाला चिकटवले. आणि आपल्या बोलीने 'डीजे'मधला माणूस आधीच पुसला होता. दोन्हीकडून एकच गोष्ट घडली.

मग वाजवणाऱ्याचे स्वातंत्र्य कशात? समोरची माणसे बघून पुढचे गाणे निवडण्यात. म्हाताऱ्या आत्याबाई उठून नाचल्या, तर तालाचा रोख बदलण्यात. आणि थांबण्यात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे १० ते ६. भोंग्यांच्या भिंतीपुढे हे आकडे हास्यास्पद वाटतात, पण भिंतीपलीकडे कुणाचे तरी आजारी माणूस झोपलेले असते. आवाज कमी करायची सरकपट्टी प्रत्येक यंत्रावर असते, लॅपटॉपवाल्या आणि बिनलॅपटॉपच्याही. ती खाली ओढणारा हात कोणतीही कंपनी विकत नाही.

तेव्हा आमचे मत सरळ आहे. ज्याचे काम रोजचे आहे, ज्याला अंधारात, गर्दीत, पावसात वाजवायचे आहे, त्याने स्वतंत्र यंत्र जरूर घ्यावे. सोबत यूपीएस आणि दोन पेनड्राइव्ह ठेवावेत. ज्याची वर्षाला चार-सहाच कामे आहेत, त्याने कर्ज काढू नये; जुना लॅपटॉप फक्त याच कामाला ठेवावा, त्यावरचे इंटरनेट बंद करावे. निम्मे दुखणे तिथेच जाते. आणि दोघांनीही मान वर करून समोर बघावे.

प्रश्न असतील तर विचारा. मागे बसलेल्या मुलांनी आधी विचारावेत, या विषयात त्यांचा अधिकार आमच्याहून मोठा आहे.