टाक, ठसा आणि मूळ कृती

यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयी वॉल्टर बेंजामिनने 1936 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा गाभा असा, की मूळ कृतीला एका विशिष्ट स्थळी व काळी असण्यातून जे तेजोवलय लाभते, ते प्रतिकृतींच्या सुळसुळाटात विरते; पूजामूल्य मागे पडून प्रदर्शनमूल्य वरचढ होते. युरोपीय कलेतिहासातून निष्पन्न झालेला हा सिद्धांत नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर–माहूर परिसरातल्या देवघरांना जसाच्या तसा लावता येत नाही.

देवघरातील टाक ही उघडउघड प्रतिकृतीच होय. चांदीचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकला जातो आणि एकाच ठशातून अनेक घरांचे खंडोबा, अनेक घरांच्या भवानी उमटतात. परंतु या संख्येने त्यांचे पूजामूल्य घटत नाही. देव्हाऱ्यात विधिपूर्वक बसलेला टाक त्या कुळाचा देव होतो. क्षेत्री नेऊन मूळ देवाशी त्याची भेट घडवली जाते. घरात मंगलकार्य निघाले की तो उजळला जातो. झिजला की नवा केला जातो. म्हणजे येथे प्रामाण्य हा वस्तूचा एकदाच मिळालेला गुण नसून पुन्हापुन्हा जोडले जाणारे नाते आहे.

हे नाते साम्यावरही अवलंबून नाही. जेजुरीच्या गाभाऱ्यात लिंग आहे; टाकावर मात्र घोडेस्वार खंडोबा असतो. शिवाय मूळ एकच असते, हेही गृहीत धरता येत नाही. जेजुरी, पाली, नळदुर्ग, नांदेड जिल्ह्यातीलच माळेगाव ही सारी खंडोबाची ठाणी. त्यांतले एक अस्सल आणि उरलेली नक्कल, असे भाविक मानीत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो, की हा धर्माचा प्रांत आहे, कलेचा नव्हे. आक्षेपात तथ्य आहे, पण ही सीमारेषा वाटते तितकी पक्की नाही. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातील देवदेवतांची चित्रे भिंतीवरून देवघरात गेली आणि त्यांना हळदकुंकू लागले. तेथे छापील प्रतीने पूजामूल्य गमावले नाही, उलट ते मिळवले. त्याच वेळी रविवर्म्यांच्या तैलचित्रांचे अनन्यत्व संग्रहालयांत अबाधित राहिले. एकाच प्रतिमेला दोन मूल्यव्यवस्थांनी सामावून घेतले, असे म्हणावे लागते.

मात्र टाकाचा दाखला देऊन चित्रचोरीचे समर्थन करता येणार नाही. जेथे रेषेची निवड हाच कृतीचा अर्थ असतो, तेथे कर्त्याचा हक्क नाकारणे म्हणजे अर्थच नाकारणे होय. टाकाच्या परंपरेतही हा प्रश्न मिटलेला नाही, केवळ झाकला गेला आहे. देवाची आकृती खोलगट कोरणारा कारागीर अनामिक राहिला आणि त्याचा ठसा कधी पूजेला बसला नाही. टाकात मौलिकता नाही म्हणून त्याला 'लोककला' या सोयीच्या कप्प्यात टाकणाऱ्या समीक्षेने निदान एवढे लक्षात घ्यावे, की ज्या मौलिकतेचा ती शोध घेते ती देव्हाऱ्यात नसून सोनाराच्या पेटीतील त्या ठशात आहे.