कीर्तीचे वळण : अभिजात चिनी सुलेखनातील श्रेष्ठत्वाची चिकित्सा

प्रस्तावना

चिनी संस्कृतीत सुलेखन ही चित्रकलेच्या बरोबरीची, किंबहुना तिच्याहून वरची कला मानली गेली. कुंचला, शाई आणि कागद या साधनांतून लिहिणाऱ्याचे व्यक्तित्व प्रकट होते, अशी त्यामागील धारणा आहे. ती मान्य केली, तर सुलेखनकाराची कीर्ती केवळ त्याच्या अक्षरांवर उभी असावयास हवी. इतिहास मात्र वेगळे सांगतो. वांग शीची, यान चन्‌छिंग आणि चाओ मंगफू या तिघांच्या कीर्तीचा प्रवास पाहिला असता, तिच्या जडणघडणीत राजसत्ता, प्रतिलिपी आणि नीतिकल्पना यांचाही मोठा वाटा असल्याचे दिसते.

मूळ नसलेली श्रेष्ठ कृती

वांग शीची (303–361) याला 'सुलेखनाचा ऋषी' म्हटले जाते. इ.स. 353 च्या वसंतात आजच्या शाओशिंगजवळील लानथिंग येथे त्याने चाळीसएक स्नेह्यांसह काव्यगोष्ठी भरविली व तेथील कवितांना प्रस्तावना लिहिली. 28 ओळी आणि 324 चिन्हांची ही 'लानथिंग प्रस्तावना' प्रवाही लिपीचा आदर्श ठरली. तिच्यात 'ची' हे एकच चिन्ह सुमारे वीस वेळा येते. त्याची वळणे मात्र वेगवेगळी आहेत.

परंतु वांगच्या मृत्यूनंतर त्याचे अग्रस्थान निर्विवाद नव्हते. पाचव्या शतकात त्याचा पुत्र वांग श्यानची (344–386) अधिक लोकप्रिय होता. हे चित्र पालटले ते थांग सम्राट थायचोंग (कारकीर्द 626–649) याच्यामुळे. त्याने वांग शीचीची हस्तलिखिते देशभरातून गोळा केली, दरबारी लेखकांकडून 'लानथिंग'च्या प्रतिलिपी करवून घेतल्या आणि चिन घराण्याच्या अधिकृत इतिहासातील वांगच्या चरित्रास स्वतः अभिप्राय जोडला. त्यात पित्याची स्तुती आहे, तशीच पुत्राची कठोर निंदाही आहे. परंपरेनुसार मूळ प्रस्तावना सम्राटाबरोबर त्याच्या समाधीत पुरली गेली. आज उपलब्ध आहेत त्या केवळ प्रतिलिपी आणि शिलांवरून घेतलेले ठसे.

या कीर्तीचा एक धागा महाराष्ट्रास परिचित असलेल्या व्यक्तीशी जुळतो. दुसऱ्या पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राचे वर्णन करणारा ह्युएन त्सांग 645 मध्ये चीनला परतला. त्याने अनुवादिलेल्या बौद्ध ग्रंथांना थायचोंगने प्रस्तावना लिहिली. ह्वायरन या भिक्षूने वांगच्या हस्ताक्षरातील चिन्हे वेचून तो मजकूर जुळविला आणि 672 मध्ये तो शिलेवर कोरला गेला. अशा रीतीने मृत्यूनंतर तीन शतकांनी वांगने आपण कधीच न लिहिलेला मजकूर 'लिहिला'.

1965 मध्ये क्वो मोरुओ याने नानचिंग परिसरात सापडलेल्या तत्कालीन समाधिलेखांच्या आधारे 'लानथिंग'च्या अस्सलतेवर शंका घेतली; काओ अरश याने तिला विरोध केला. हा वाद महत्त्वाचा आहे. एका व्यक्तीची म्हणून जी शैली पूजिली गेली, ती काही अंशी थांग दरबाराची निर्मिती असण्याची शक्यता त्याने पुढे आणली.

अक्षर आणि शील

यान चन्‌छिंग (709–785) याच्या कीर्तीचा आधार निराळा आहे. 755 मधील आन लूशानच्या बंडात तो राजनिष्ठ राहिला आणि उतारवयात दुसऱ्या एका बंडखोराच्या कैदेत मारला गेला. 758 मध्ये त्याने बंडात बळी पडलेल्या पुतण्यासाठी लिहिलेल्या शोकलेखाचा मसुदा आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. त्यातील खोडाखोड, कोरडा पडत गेलेला कुंचला आणि शेवटाकडे वाढलेला वेग यांतून शोक डोळ्यांना दिसतो. 2019 मध्ये हा मसुदा टोकियोतील प्रदर्शनास पाठविला गेला, तेव्हा चिनी भाषकांत तीव्र नाराजी उमटली. त्याचे स्थान केवळ कलाकृतीचे नाही, याचीच ती खूण होती.

सोंग काळात ओउयांग श्यू (1007–1072) व सू श (1037–1101) या विद्वानांनी यानच्या भरदार अक्षरांत त्याचे निष्ठावान शील पाहिले. त्याच काळातील मी फू याला मात्र यानची नियमित लिपी रुचली नाही. एकाच अक्षराविषयी दोन जाणकारांची मते इतकी भिन्न असतील, तर शील अक्षरात दिसते की चरित्र ठाऊक असल्यामुळे भासते, हा प्रश्न टाळता येत नाही.

चाओ मंगफू (1254–1322) याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. सोंग राजघराण्याचा वंशज असून त्याने मंगोल युआन राजवटीची सेवा पत्करली. त्याची डौलदार अक्षरे पुढे अनेक पिढ्यांनी गिरविली. फू शान (1607–1684) यानेही तारुण्यात ती गिरविली होती. 1644 मध्ये मिंग राजवट कोसळल्यावर मात्र त्याला त्याच अक्षरांत कणाहीनता दिसू लागली आणि तो यानकडे वळला. पुढे त्याचे मत काहीसे निवळले. चाओची अक्षरे या काळात बदलली नव्हती. बदलली होती ती पाहणाऱ्याची परिस्थिती.

निष्कर्ष

यावरून कीर्ती खोटी ठरते, असे नाही. सत्तेने वांगला उचलून धरले, तरी केवळ सत्तेच्या बळावर कोणतेही वळण सोळा शतके गिरविले जात नाही. यानच्या मसुद्यातील वेदना चरित्र न वाचताही काही प्रमाणात जाणवते. मात्र एका मसुद्यात दिसणारी भावना हा लेखकाच्या संपूर्ण शीलाचा पुरावा मानणे आणि त्याच न्यायाने चाओला दोषी ठरविणे, ही समीक्षेची चूक आहे. लेखनक्षणीची मनःस्थिती अक्षरात उतरू शकते. आयुष्यभराची नीती उतरतेच असे नाही.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत रुआन युआन (1764–1849) व त्याच्यानंतरच्या अभ्यासकांनी उत्तरेकडील प्राचीन शिलालेखांकडे लक्ष वेधले. त्यांपैकी बहुतेकांचे लेखक अज्ञात आहेत. जेथे चरित्रच उपलब्ध नाही, तेथे समीक्षकास अक्षरांपाशीच थांबावे लागते. नामवंतांच्या अक्षरांकडेही काही काळ असेच पाहता आले, तर त्यांच्या कीर्तीतील कलेचा वाटा किती आणि इतिहासाचा किती, हे अधिक न्याय्यपणे ठरविता येईल.